सर्वसाधारण खेळाडू

जमिनीपासून सुटण्याची ओढ माणसाला आदिम काळापासून आहे. पाखरं पाहून त्याने मान वर केली, पाठीला पंख बांधून कड्यावरून उड्या टाकल्या, देवांना विमानं बहाल केली आणि कधी खोटं न बोललेल्या राजाचा रथ जमिनीपासून चार बोटं वरून चालवला. या थोर परंपरेत काकांचा नंबर जरा उशिरा लागला. ते रोज सकाळी साडेनऊला जमिनीपासून चार बोटं वर उचलले जात आणि नऊ वाजून एकतीस मिनिटांनी पहिल्या वळणावरच्या भिंतीत जाऊन आदळत. या कामाचा त्यांना पगार होता.

चष्म्याच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर, अकरा माणसांची एक कंपनी व्हिडिओ गेम बनवत होती. गेमचं नाव ‘चार बोटं’. बिनचाकांची एक फळी, जी कुठे टेकत नाही, नुसती तरंगते. तिच्यावर उभं राहून शर्यत लावायची. गल्ल्या, कालवे, गोदामांची छपरं, एक अर्धवट बांधलेला पूल अशा सात वाटा, आणि सगळ्या मिळून एकतीस वळणं. त्या जुन्या रथाला ब्रेक कसा लावत, हे कोणी लिहून ठेवलेलं नाही. इथे थांबायचं म्हणजे मागे रेलायचं, आणि रेलणं जरा जास्त झालं की तोंड आकाशाकडे आणि पाठ कालव्यात.

वळणांचा सगळा कारभार सव्वीस वर्षांच्या एका दाढीवाल्याकडे होता. त्याला ऑफिसात वळणकार म्हणत. प्रतिस्पर्धी बनवायचं काम एका प्रोग्रामर मुलीकडे. मालकीणबाईंना सगळे ताई म्हणत आणि ताईंसकट सगळे काकांना काका म्हणत. ताई अडतीसच्या, काका एकोणपन्नासचे. पुतणी व्हायला एवढं अंतर पुरत नाही असं काकांना रोज वाटे, पण नाती जोडायचा अधिकार पगार देणाऱ्याचा असतो.

ही नोकरी त्यांना गुणांवर मिळालेली नव्हती. तेवीस वर्षं त्यांनी एका विमा कंपनीत ठोकलेल्या गाड्यांचे दावे तपासले होते. मग ती शाखा बंद झाली आणि नऊ महिने ते घरी बसून बायकोला स्वयंपाकघरात सुधारणा सुचवत राहिले. बायको एका दातांच्या डॉक्टरकडे रिसेप्शनवर होती. तिथल्या जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यात तिला जाहिरात दिसली: ‘आयुष्यात एकदाही व्हिडिओ गेम न खेळलेली व्यक्ती पाहिजे.’

“अहो, हे तर तुमचंच वर्णन आहे,” ती म्हणाली. नऊ महिन्यांत ती पहिल्यांदाच कौतुकाने बोलली होती.

मुलाखतीत त्यांच्या हातात कंट्रोलर दिला. काकांनी तो उलटा धरला आणि दिवा कुठल्या बटणाने लागतो, असं नम्रपणे विचारलं. ताईंचे डोळे भरून आले. “असा माणूस आता मिळत नाही,” त्या वळणकाराला म्हणाल्या. “साधा ओरखडा नाही यांच्यावर.” नेमणुकीच्या पत्रात पदाचं नाव होतं, ‘सर्वसाधारण खेळाडू’.

कारण अडचण अशी होती की बाकीचे दहाजण दोन वर्षं तोच गेम खेळून इतके सराईत झाले होते, की वळण सोपं की अवघड हे त्यांना कळेनासं झालं होतं. बाहेरच्या कोणाला दाखवायची नोकरीच्या करारात मनाई. म्हणून नियम ठरला, आणि त्याला काका-कसोटी असं नाव पडलं. वळण काकांना तिसऱ्या प्रयत्नात जमलं, तर ते बरोबर. पहिल्याच प्रयत्नात जमलं तर फार सोपं, म्हणजे वळणकार ते आवळणार. पाच वेळा पडूनही नाही जमलं तर अवघड, म्हणजे सैल करणार. शिंप्याने मापाला एकच माणूस ठेवावा आणि गावभरच्या विजारी त्याच्यावर बेताव्यात, तसा हा प्रकार. त्या माणसाचं पोट सुटू शकतं, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही.

रोज संध्याकाळी काकांना एक तक्ता भरावा लागे. डावीकडे ‘आवडलं’, उजवीकडे ‘वैताग’. तेवीस वर्षांची सवय जाता जाईना.

‘आवडलं: कालव्यावरून जाताना फळीखालचं पाणी दबतं आणि दोन्ही बाजूंना पसरतं. आवाज ओल्या पेल्याच्या काठावरून बोट फिरवल्यासारखा. याबाबत तक्रार नाही.’

‘वैताग: वळण क्र. ४ येथे समोरील भिंत कोणतीही पूर्वसूचना न देता आली. चूक सकृद्दर्शनी भिंतीची.’

‘वैताग: आपटल्यानंतर कॅमेरा आकाशाकडे वळतो आणि तीन सेकंद तिथेच राहतो. आकाशात पाहण्यासारखं काही ठेवलेलं नाही.’

प्रोग्रामर मुलगी हे तक्ते मोठ्याने वाचून दाखवी आणि सगळे पोट धरून हसत. काकाही हसत. त्यांना त्यात विनोद दिसत नसे, पण हसणाऱ्या माणसाला सहसा काढत नाहीत, एवढं त्यांना ठाऊक होतं.

खरा वैताग वेगळाच होता. शर्यतीत एक लाल जाकीटवाला होता.

“त्याला मी पुलाच्याही मागे टाकला होता,” काका एकदा म्हणाले. “हा आला कुठून?”

“दोरीने,” प्रोग्रामर म्हणाली. “तुमच्या कमरेला आणि त्याच्या कमरेला एक दोरी बांधलीय. दिसत नाही ती. तुम्ही पुढे गेलात की तो ओढला जातो, मागे पडलात की रेंगाळतो. नाहीतर शर्यतीत मजा काय?”

“म्हणजे मी कितीही पळालो, तरी तो मानगुटीवर.”

“हो.”

“आणि हे मुद्दाम केलंय?”

“काका, आठ महिने घासलेत मी त्याच्यावर!”

दोरीचंही एक वेळ चाललं असतं. पण शर्यत जिंकल्यावर तो वळून उभा राहायचा आणि हरलेल्यासाठी तीन टाळ्या वाजवायचा. संथ, समजूतदार टाळ्या. विमा कंपनीत बढत्या जाहीर झाल्या त्या दिवशी, बढती मिळालेल्याने न मिळालेल्यासाठी अगदी अशाच तीन वाजवल्या होत्या. न मिळालेले अर्थातच काका.

“तेवढ्या टाळ्या काढता येतील?”

“काका, त्या तर सगळ्यांना आवडतात.”

तेव्हापासून काकांच्या अंगात काहीतरी शिरलं. ऑफिसच्या जिन्यात वळताना ते एका बाजूला झुकू लागले. मटार सोलता सोलता अंगठे आपोआप दाबले जात आणि दाणे ओट्याखाली. दुकानात रांगेत उभे असताना पुढच्या माणसाच्या डावीकडून किती जागा आहे, याचा अंदाज मनात चालू असे. बसवत नसे, उभंही राहवत नसे. बायको एकदा म्हणाली, “तुम्हाला काही चावतंय का?” काका म्हणाले, “नाही.” आणि खुर्चीत डावीकडे रेलले.

सगळ्यांत वयस्कर म्हणून ऑफिसची किल्ली त्यांच्याकडे असायची. कंपनी साडेनऊला भरत असे. काका पावणेआठला कुलूप उघडू लागले. दार लोटून घ्यायचं, आवाज बारीक करायचा आणि लाल जाकिटाच्या मागे लागायचं. मागे रेलण्याऐवजी वळणाच्या आधी फळीचं नाक थोडं आत वळवलं, तर ती भिंतीला घासत नाही, हे त्यांना तिसऱ्या महिन्यात समजलं. पाण्यावर वेग वाढतो आणि छपरावर मरतो, हे पाचव्या. नवव्या महिन्यात ते सात वाटा न पडता पुऱ्या करत होते आणि जाकीटवाला शेवटच्या सरळ रस्त्यावर त्यांच्या खांद्याला खांदा लावून धापा टाकत होता. त्यानंतर दोरी त्याला पुढे काढी. मग तीन टाळ्या. मग पुन्हा.

घोटाळा झाला तो एका मंगळवारी. सगळे भोवती उभे असताना, नव्या वळणावर, अंगठ्यांनी काकांना न विचारताच काम उरकलं. पहिल्याच प्रयत्नात.

सगळे स्क्रीनकडे वाकले.

“सोपं झालंय,” वळणकार दाढी खाजवत म्हणाला.

“काकांना पहिल्या झटक्यात जमलं म्हणजे लहान मूलही झोपेत करेल,” ताई म्हणाल्या. “आवळ.”

काकांच्या तोंडात सत्य आलं होतं. पण त्या सत्याच्या मागे नऊ रिकामे महिने दिसले, आणि ते त्यांनी गिळलं. सर्वसाधारण खेळाडू असाधारण निघाला, तर त्याचं करायचं काय? काढायचंच की. तेव्हापासून त्यांनी शहाणपणाचा मार्ग धरला. वळण कसंही असो, दोनदा पडायचं आणि तिसऱ्यांदा निघायचं. पडण्यातही कसब आणलं. एकदा उजवीकडे, एकदा कालव्यात, मध्ये एखादं “अरेच्चा”. त्या मंगळवारनंतर वळणकार जुनी-नवी सगळी वळणं आधीच आवळून आणायचा, काका तिसऱ्यांदा निघायचे. तो वेड लागल्यासारखं आवळायचा, तरी तिसऱ्यांदाच. “काय सुरेख बसलंय वळण!” तो म्हणायचा, आणि काका नम्रपणे घाम पुसायचे. हे पाच महिने चाललं. खरं सांगायचं तर आवळलेली वळणं काकांना आवडू लागली होती. मधूनच एखादं कंटाळवाणं वाटलं, की ते पहिल्याच प्रयत्नात पार करून टाकत. मग ते आवळलं जाई.

चौदाव्या महिन्यात ताईंनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, की गुरुवारी वितरक कंपनीची दोन माणसं येणार. त्यांनी होकार दिला तर गेम बाजारात. नकार दिला, तर खाली चष्म्याच्या दुकानाला गोदामासाठी जागा हवीच आहे.

“घाबरायचं काय त्यात,” ताई म्हणाल्या. “एकूणएक वळण काकांच्या हातून गेलंय.”

काकांनी अंगठे मुठीत लपवले.

सोमवारी त्यांचा चष्मा घरी राहिला, म्हणून बायको तो घेऊन दुपारी ऑफिसात आली. जिने चढून तिला दम लागला होता. ताईंनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि वर कंट्रोलर दिला. “वहिनी, बघा तरी काका दिवसभर काय करतात. वहिनी घरच्याच, करार मोडत नाही.”

बायको पहिल्या वळणावर पडली. हसली. दुसऱ्यांदा पडली, तेव्हाही हसली. सहाव्यांदा पडल्यावर हसू थांबलं. अकराव्यांदा तिने पदर खोचला. चौदाव्यांदा कॅमेरा रिकाम्या आकाशाकडे वळला, तेव्हा तिने कंट्रोलर खाली ठेवला आणि नवऱ्याकडे पाहिलं.

“वहिनी घाबरताहेत जरा,” वळणकार सांभाळून घेत म्हणाला. “काका तिसऱ्यांदा काढतात. काका, दाखवा ना.”

काका उजवीकडे पडले. मग कालव्यात. “अरेच्चा.” मग निघाले. बायको स्क्रीनकडे बघतच नव्हती. ती त्यांच्या अंगठ्यांकडे बघत होती.

घरी पोचून चप्पल काढायच्या आत तिने विचारलं, “कधीपासून?”

“काय कधीपासून?”

“पंचवीस वर्षं झाली आपल्या लग्नाला. तुम्हाला पडल्याचं सोंग आणता येत नाही. लग्नात सुद्धा पाय मुरगळल्याचं सांगत होतात आणि लंगडत होतात दुसऱ्याच पायाने.”

काकांनी सगळं सांगितलं. किल्ली, पावणेआठ, जाकीट, टाळ्या. ती कपड्यांच्या घड्या करत ऐकत राहिली.

“म्हणजे ती एकतीसच्या एकतीस वळणं तुमच्या मापाची.”

“तशी थोडी घट्टच.”

“आणि गुरुवारी ती माणसं पहिल्यावरच आपटणार.”

“माणसं हुशार असली तर...”

“अहो, मी काय ढ आहे? चौदा वेळा पडले मी!” तिने टॉवेल झटकला. “सांगितलंत तर तुमची नोकरी जाईल. नाही सांगितलंत तर अकराजणांची.”

“माझी दोन्हीकडून जातेच.”

“मग अडलंय कुठे?”

अडलं इथेच होतं, की न सांगता नोकरी गुरुवारी जाणार होती आणि सांगून त्याच्या आधी. माणूस घर पडणार हे माहीत असलं तरी आदल्या दिवशी स्वतः खांब काढत नाही. मंगळवार काकांनी येरझाऱ्यांत काढला. तीनदा ते ताईंच्या दारापर्यंत गेले. एकदा ताई फोनवर होत्या. एकदा नव्हत्या, तर यांनीच फोन काढून कानाला लावला. तिसऱ्यांदा ताईंनी विचारलं, “काका, काही हवंय?” काका म्हणाले, “पंखा जरा आवाज करतोय.” ताईंनी पंखा बंद केला. संध्याकाळच्या तक्त्यात ‘वैताग’खाली त्यांनी लिहिलं, ‘स्वतःचा.’ प्रोग्रामरने तेही मोठ्याने वाचलं. सगळे हसले.

बुधवारी सकाळी ते एकदम खोलीच्या मध्यभागी उभे राहिले. “मला एक सांगायचंय. मला हे येतं.”

“काय येतं?”

“हे. सगळं. न पडता.”

वळणकाराला वाटलं, काकांना गुरुवारचं दडपण आलंय. “काका, तुम्ही बसा. सरबत मागवू?”

“मी मुद्दाम पडतो. पाच महिने झाले.”

“मुद्दाम पडतात म्हणे,” प्रोग्रामर ताईंना म्हणाली. “किती गोड.”

आता मात्र काकांना राग आला. कबुलीवर विश्वास बसवण्यासाठी पुरावा द्यावा लागतो, हे तर त्यांनी तेवीस वर्षं दुसऱ्यांना सुनावलं होतं. त्यांनी कंट्रोलर उचलला. बसले नाहीत, उभेच राहिले.

पहिली गल्ली त्यांनी भिंतीपासून एक वीत राखून घेतली. कालव्यावर फळी दबली, पाणी दोन्हीकडे पसरलं आणि तो पेल्यासारखा सूर खोलीभर झाला. छपरांवर वेग मरतो म्हणून ते छपराच्या मधोमध गेलेच नाहीत, कडेकडेने गेले. अर्धवट पुलाच्या तुटक्या टोकावरून वळणकाराने स्वतः आजवर दोनदाच उडी मारली होती. काकांनी ती मारताना डाव्या हाताने चष्मा वर सरकवला. वळण सव्वीस, सत्तावीस. लाल जाकीट दोरीने ओढलं जात जवळ जवळ येत होतं. शेवटच्या सरळ रस्त्यावर ते बाजूला आलं, आणि काकांनी, जे त्यांनी त्याच आठवड्यात शोधलं होतं ते केलं. मुद्दाम मागे रेलले. मागे पडले. दोरी सैल झाली, जाकीटवाला नियमाप्रमाणे रेंगाळला, आणि शेवटची रेघ दोन हातांवर असताना काका त्याच्या काखेखालून निघून गेले.

जाकीटवाल्याने टाळ्या वाजवल्या नाहीत. तो हरल्यावर काय करतो, हे कोणी बनवलंच नव्हतं. तो नुसता उभा राहिला.

“दोरीचं हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं,” प्रोग्रामर पुटपुटली.

वळणकार खाली बसला. “म्हणजे ही सगळी वळणं... आपण कोणासाठी केली?”

“माझ्यासाठी,” काका म्हणाले. “फार चांगली झाली आहेत.”

ताई खिडकीपाशी गेल्या. मग वळल्या. त्या चिडल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं.

“काका, तुम्ही सांगितलंत हे बरं केलंत. पण सर्वसाधारण खेळाडूची जागा एकच आहे, आणि तुम्ही आता...” त्यांनी शब्द शोधला, तो सापडला नाही.

“कळलं,” काका म्हणाले. “महिनाअखेरपर्यंत?”

“महिनाअखेरपर्यंत.”

मग प्रश्न आला, की उद्या सकाळच्या आत एकतीस वळणं सैल करायची तर मापाला माणूस कुठून आणायचा. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर एकच नाव आलं. ताईंनी दातांच्या डॉक्टरकडे फोन लावला.

बायको अर्धी रजा टाकून आली. कंट्रोलर तिने निदान सरळ धरला, बाकी सोमवारपेक्षा काही सुधारणा नव्हती. वळणकार दर वळणाला विचारायचा, “वहिनी, पडलात?” आणि ती म्हणायची, “तुला दिसत नाही का?” तो सैल करायचा. पुन्हा पडायची, पुन्हा सैल. काका मागे उभे राहून आपली वळणं एकेक करून सरळ होताना पाहत होते. सतरावं तर इतकं सैल झालं, की ते वळण आहे हे पाटी लावून सांगावं लागलं.

“तुम्हाला वाईट वाटतंय का?” बायकोने मान न वळवता विचारलं.

“मला कशाला वाटेल?”

“मग खुर्ची हलवू नका. मी पडते त्याने.”

सात वाजता एकतिसावं वळण तिने तिसऱ्या प्रयत्नात पार केलं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. याही शिकल्या की काय, असा सगळ्यांना धसका बसला होता.

गुरुवारी अकरा वाजता वितरक कंपनीची दोन माणसं आली. त्यांनी गेमच्या डब्यावर छापायचं चित्र पाहिलं, ते जरा निळं करता येईल का असं विचारलं, चहा घेतला आणि वीस मिनिटांत होकाराच्या कागदांवर सही केली. ताईंनी कंट्रोलर पुढे केला, तेव्हा ते संकोचले. गेम खेळून पाहायचं काम त्यांच्याकडे वेगळ्या विभागात असे, आणि तो विभाग मागच्या वर्षीच बंद झाला होता.